काटा खालीच होता

१

सारला खिंडीच्या तिसऱ्या वळणावर मुटुपची गाडी बंद पडली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. लष्कराचा ट्रक तिथे पोचला साडेदहाला. मधल्या तीन तासांत मागच्या सीटवर यांगडोल गेली. पोटातलं सात महिन्यांचं बाळही तिच्याबरोबरच गेलं. लेहचं इस्पितळ खिंडीच्या पलीकडे दीड तासावर होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला युर्गो गावच्या गोबांचा निरोप आला. गोबा म्हणजे गावचे प्रमुख, दोन वाक्यांच्या वर न बोलणारे. निरोपही दोनच वाक्यांचा होता. "गाडी ट्रॅक्टरने ओढून आणली आहे, येऊन बघा. आणि रेडिएटरात तुम्ही काय भरलं होतं तेही सांगा."

दुसरं वाक्य मला झोंबलं. मी स्तोब्दान. खालच्या बाजारात सत्तावीस वर्षं गाड्या दुरुस्त करतो. लोक उस्ताद म्हणतात, निदान तोंडावर तरी. सप्टेंबरात मुटुपच्या अंगणात जाऊन त्याच्या गाडीत मी माझ्या हाताने हिरवं कूलंट भरलं होतं, उणे पस्तीसलाही न गोठणारं. त्याऐवजी मी नुसतं पाणी भरलं असं कुणाला म्हणायचं असेल, तर ते मला समोरासमोर ऐकायचं होतं. पान्यांची पिशवी उचलली आणि निघालो.

गोबांच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ यांगडोलचा नवरा बसला होता. ग्याल्त्सन, शाळेतला मास्तर. शांत माणूस, पण त्या दिवशी त्याच्या शांतपणाची भीती वाटत होती. समोरचा लोण्याचा चहा तसाच निवत होता. मुटुप दाराबाहेर बर्फात उभा होता. त्याला आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं.

"उस्ताद, मला एवढंच सांगा," ग्याल्त्सन म्हणाला. "इंजिन तापलं की लाल दिवा लागतो ना?"

"लागतो. काटाही वर चढतो."

"मग हा थांबला का नाही? पहिल्या वळणावर थांबला असता तर दुसऱ्या गाडीला निरोप धाडता आला असता. लोब्झांगची गाडी गावातच होती. यांगडोलला मी उचलून नेलं असतं त्या गाडीपर्यंत."

तो पुढे म्हणाला, "परवा पहाटे तिला न्यायचंय. लामांनी वेळ काढून दिली आहे. आमच्या फस्पुनात मुटुपचं घर येतं. पण त्याचा हात तिला लागता कामा नये. उद्या दुपारी सगळे जमतील, तेव्हा त्याचं घर फस्पुनातून काढायचं."

चूल फटाक्यासारखी तडतडली. गोबांनी मान खाली घातली.

फस्पुन म्हणजे एका कुळदेवाची पाचसहा घरं. आमच्यात मयताला घरचे हात लावत नाहीत. न्हाऊ घालण्यापासून अग्नी देण्यापर्यंत सगळं फस्पुनांनी करायचं असतं. ज्या घराला त्यातून काढलं, त्या घरात उद्या कुणी मेलं तरी उचलायला कुणी येत नाही. मुटुपच्या घरात तर एकोणऐंशी वर्षांचा बाप होता.

मी बाहेर आलो. मुटुपने माझी बाही धरली. "उस्ताद, तीन रत्नांची शपथ, दिवा लागलाच नाही. काटा खालीच होता, पार खाली."

"इंजिन जळून खाक झालं आणि काटा खाली?"

"शेवटी तेलाचा दिवा लागला, आणि त्याच क्षणी इंजिन जाम झालं. तोवर काही नाही."

त्याच्या अंगणात जाऊन मी गाडीचं दार उघडलं, मीटरवर टॉर्च मारला. एका दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती.

२

पट्टी बघून गोबांनी माझ्याकडे बघितलं आणि मागोमाग आलेल्या ग्याल्त्सनने डोळे मिटले. मी नखाने पट्टी सोलली. खाली चार्जिंगचा दिवा निघाला. तो दोन वर्षांपासून उगाच जळत राहायचा, आणि ती पट्टी मुटुपने लावली नव्हती. ती मी लावली होती. "राहू दे, डोळ्याला खुपतो तर झाकून टाकू," असं म्हणून मीच लावली होती. हे कबूल करताना माझे कान तापले.

तापमानाचा दिवा उघडाच होता. दुसरी बॅटरी जोडून तपासला, तर लख्ख लागला. काट्याची तार खाली जमिनीला टेकवली, काटा टुणकन वर गेला. म्हणजे दिवा ठीक आणि काटाही ठीक.

अंगणाच्या कोपऱ्यात, उन्हाच्या तुकड्यात, मुटुपचे वडील जपाचं चाक फिरवत बसले होते. अबा पाल्दन. अबा म्हणजे बाबा, मेमे म्हणजे आजोबा, आणि ले म्हणजे जी. एके काळी या रस्त्यावरचे सगळ्यात मोठे ड्रायव्हर. मी बाविसाव्या वर्षी त्यांच्या लॉरीवर दुसरा ड्रायव्हर म्हणून लागलो, आणि जे काही शिकलो ते त्यांच्या शिव्या खाऊन. गेली दोन वर्षं त्यांचं डोकं जागेवर नव्हतं.

"स्तोब्दान, गाडीतलं पाणी काढलंस का?" त्यांनी हाक दिली.

"काढलं, अबा-ले."

"हां. नाहीतर गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटेल."

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. ज्यांच्याकडे सायकलही नाही त्या गोबांना विचारायचे, पूजेला आलेल्या लामांनाही विचारायचे. पूर्वी हिवाळ्यात संध्याकाळी दोन ड्रायव्हर भेटले की जुले म्हणजे नमस्कार, त्याच्याही आधी हेच विचारत. कूलंट नव्हतं तेव्हा. रेडिएटरात साधं पाणी असायचं, ते रोज संध्याकाळी काढून ठेवायचं, सकाळी गरम करून परत भरायचं. आता हे फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरलं आहे.

मी बॉनेट उघडलं. जाळीवर नेहमीसारखं देवाधर्माचं सामान बांधलेलं होतं. देवाला वाहायच्या मळलेल्या खताक-ओढण्या, फाटके झेंडे, लाल दोरे, पांढऱ्या लोकरीचा झुबका. एवढं सगळं बांधून शेवटी काय झालं, असा कडू विचार मनात आला. रेडिएटरचं झाकण घट्ट बसलेलं होतं. ते काढलं. आत ठणठणीत कोरडं.

"बघा," ग्याल्त्सन म्हणाला. "पाणीच नव्हतं. याने बघितलंही नाही."

"बघितलं असतं तरी दिसलं नसतं," मी म्हणालो. बाजूची प्लास्टिकची बाटली हिरव्या कूलंटने खुणेपर्यंत भरलेली होती. हल्लीचे सगळे ड्रायव्हर तीच बघतात, मीच त्यांना तसं शिकवलंय. झाकण उघडायची गरज नाही म्हणून सांगतो.

गोबा खाकरले. "तुमचं ते औषध गोठलं असेल. पाणी असेल ते."

"गोठलं असतं तर रेडिएटरच्या नळ्या फुटल्या असत्या. ही बघा, एक नळी फुटलेली नाही. आणि बाटलीतलं आजही पातळ आहे. रात्री उणे सत्तावीस होतं." मी बाटली हलवून दाखवली. माझ्यावरचा आळ एवढ्यात उतरला, पण समाधान वाटलं नाही.

कारण दुसरं काही जुळेना. रबरी पाइप सगळे शाबूत. पंप शाबूत. बर्फात आडवा होऊन खाली बघितलं, तर पाणी काढायची तोटी बंद. नुसती बंद नाही, इतकी आवळलेली की पक्कड लावावी लागली. मी माझी गाडी घेऊन तिसऱ्या वळणापर्यंत जाऊन आलो. पांढऱ्या रस्त्यावर कुठेही हिरवा ठिपका नव्हता. आठ लिटर कूलंट गेलं कुठे?

परत आलो तेव्हा गोबा माझी वाट बघत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "आदल्या दिवशी सूर्य मावळताना मी छतावर गवत काढत होतो. मुटुपच्या गाडीच्या पुढ्यात एक माणूस वाकलेला दिसला. पाठमोरा, लोकरीचा लांब गोंचा घातलेला. त्याच दुपारी लोब्झांगचं आणि मुटुपचं भांडण झालं होतं."

ही चार वाक्यं होती. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

३

आधी मी ग्याल्त्सनच्या घरी गेलो. वरच्या खोलीत लामांचा पाठ चालू होता, आणि ज्या खोलीत यांगडोलला ठेवलं होतं तिचं दार बंद होतं. गाडीत तिच्याबरोबर सासू होती, आमा दिस्कित. तिच्या हातात सुनेची टोपी होती. बोलताना ती टोपीची किनार चाचपत राहिली.

"आमा-ले, प्रवासात काय काय झालं?"

"काय होणार? तिने माझा हात धरला होता. पोरगी थंडीने काकडत होती." आमा दिस्कितचा आवाज चढला. "तुमच्या त्या मुटुपला मी तीनदा सांगितलं, हीटर लाव. म्हणतो लावलाय. लावलाय! बर्फासारखी हवा येत होती तोंडावर. डिझेल वाचवत असेल मेला."

मी तिला परत विचारलं. "हवा येत होती? पंखा चालू होता?"

"येत होती की. पण गार. घरातून निघाल्यापासून गार. शेवटपर्यंत गार."

मी तिचे पाय शिवले आणि उठलो. मुटुप खोटं बोलत नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. हीटर म्हणजे वेगळं काही नसतं. इंजिनात तापलेलं पाणीच हीटरमधून फिरतं. इंजिन पेटायला आलंय आणि हीटर गार, याचा अर्थ एकच. फिरायला पाणीच नव्हतं. काट्याचंही तेच. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तर पाणी किती तापलं ते सांगतो. पाणीच नसलं तर तो मोकळ्या हवेत लटकतो, आणि गाडी जळाली तरी काटा खालीच राहतो.

म्हणजे कूलंट वाटेत गेलं नव्हतं. गाडी अंगणातून निघाली तेव्हाच ती रिकामी होती. आदल्या संध्याकाळी कुणीतरी ते काढून नेलं होतं.

लोब्झांग मला टॅक्सीथांब्यावर सापडला. तिशीतला, केसांना रंग लावलेला, काळं फुगीर जाकीट घातलेला पोरगा. मला बघताच त्याने दोन्ही हात वर केले.

"आलात? मला वाटलं पोलीस आधी येतील."

"भांडण कशावरून झालं?"

"नंबरावरून. लेहची पाळी माझी होती, मुटुपने घेतली. मी त्याला चार शिव्या दिल्या, त्याने मला पाच दिल्या. हिशेब मिटला. उस्ताद, यांगडोल शाळेत माझ्या वर्गात होती." त्याने तोंड फिरवलं. "मला त्या सकाळी कुणी हाक मारली असती तर मी तिला फुकट नेलं असतं."

"संध्याकाळी गाडीपाशी गोंचा घातलेला माणूस दिसलाय."

तो हसला. ते हसू रडण्याच्या फार जवळचं होतं. "गोंचा? माझ्याकडे एकच आहे, लग्नातला, आणि बायको त्याला हात लावू देत नाही. गोंचा घालून गाडीखाली आता कोण झोपतं, उस्ताद? तुम्ही तरी झोपता?"

मी त्याच्या जाकिटाकडे बघितलं, मग माझ्या ग्रीस लागलेल्या जाकिटाकडे. सकाळी बघितलेली तोटी मला परत आठवली. वैऱ्याला घाई असते. त्याने पाइप कापला असता, नाहीतर तोटी उघडी टाकून पळाला असता. या माणसाने थेंब न सांडता पाणी भांड्यात घेतलं होतं, तोटी परत जपून आवळली होती, वरचं झाकणही नीट बसवलं होतं. त्याला गाडीची काळजी होती.

लोब्झांग मागून ओरडला, "उस्ताद, काय झालं? तोंड का असं केलंत?" मी मुटुपच्या घराकडे वळलो होतो.

४

मुटुपच्या घरी त्याची बायको कुंझेस एकटीच होती. डोळे सुजलेले. तिने मला खांबीर रोटी आणि चहा दिला, आणि मी न विचारताच बोलायला लागली.

"या घराला नजर लागलीय, उस्ताद-ले. एकाच सकाळी दोन्ही गोष्टी. तिकडे ती बिचारी गेली, इकडे वासरू."

"कुठलं वासरू?"

"आमच्या डोमो गाईचं. आदल्या दिवशी उड्या मारत होतं. त्या सकाळी गोठ्यात गेले तर दारू प्यायल्यासारखं झुलतंय. पाय चारही दिशांना. काल मेलं. लामा म्हणाले घराची शांती करावी लागेल."

माझ्या हातातली रोटी तशीच राहिली. कूलंट गोड असतं. वर्कशॉपात मी डबा कधी उघडा ठेवत नाही, कारण एकदा कुत्रं प्यायलं होतं. तेही असंच झुलत झुलत गेलं होतं.

गोठा घराच्या खालीच होता. हिवाळ्यात घरातली सगळ्यात उबदार जागा तीच, जनावरांच्या श्वासाची ऊब. अंधारात डोळे सरावायला वेळ लागला. भिंतीला टेकवून एक चौकोनी पत्र्याचा डबा ठेवला होता, तारेचं हँडल असलेला, एका कोपऱ्यावर चेपलेला. मी तो डबा ओळखत होतो. चेपला होता तो माझ्या हातून, पस्तीस वर्षांपूर्वी. तळाशी बोटभर हिरवं उरलं होतं.

मी तिथेच शेणाच्या ढिगाऱ्यावर बसलो. लॉरीच्या दिवसांत अबा पाल्दन याच डब्यात पाणी काढायचे आणि डबा कुणाच्या तरी गोठ्यात नेऊन ठेवायचे. तिथे पाणी गोठत नाही, सकाळी लवकर तापतं. एकदा मी पाणी काढायला विसरलो होतो. ब्लॉक फुटला, आम्ही चार दिवस खिंडीत अडकलो. त्यांनी मला एक थोबाडीत दिली, आणि मग चारही दिवस स्वतःच्या वाट्याचा सातू मला खायला घातला.

एक गोष्ट मात्र अजून मनात टोचत होती. अबा पाल्दन ड्रायव्हर होते. रिकामी गाडी कुणाला न सांगता ते उभी करणार नाहीत. डोकं कितीही फिरलं तरी हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. आणि मग मला जाळीवरचं ते सगळं सामान आठवलं, आणि त्या सामानातली एक गोष्ट जी देवाची नव्हती.

धावत वर आलो. पांढऱ्या लोकरीचा झुबका. दुहेरी गाठ मारलेला, बरोबर मधोमध, जिथे जुन्या लॉरीत इंजिन सुरू करायचं हँडल घालायला भोक असायचं. म्हणजे हँडल घालायला आलेल्या माणसाला तो आधी बाजूला करावाच लागायचा. गाडीच्या तोंडाला पांढरी लोकर म्हणजे पोट रिकामं आहे, पाणी भरल्याशिवाय हात लावू नका. या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला हे कळायचं. मला कळायचं. सकाळी मी त्याच्याकडे बघितलं आणि देवाचा दोरा समजून पुढे गेलो.

५

मुटुपला मी गाडीमागे नेऊन सगळं सांगितलं. डबा, वासरू, लोकर.

"त्या सकाळी मी निखाऱ्याची पाटी घेऊन गाडीखाली गेलो," तो म्हणाला. "तेल गरम करायला. लोकर माझ्या तोंडावर आली होती, उस्ताद. मी ती हाताने बाजूला केली."

"तुला काय माहीत असणार?"

"अबाला सांगू नका."

"अरे, उद्या तुझं घर काढतील!"

"काढू दे. मी सांगतो, दिवा दिसला आणि मी थांबलो नाही. मला ते ऐकवेल. अबाला कळलं तर..." त्याने गाडीच्या पत्र्यावरचा बर्फ हाताने पुसला. "आणि खोटं तरी कुठे आहे? ड्रायव्हर मी होतो."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. पण सगळ्यात जास्त राग माझाच आला. सप्टेंबरात याच अंगणात मी हिरवं कूलंट भरलं तेव्हा म्हातारा दोन हातांच्या अंतरावर बसून बघत होता. "हे काय रे ओततोस?" त्याने विचारलं होतं. आणि मी म्हणालो होतो, "काही नाही, अबा-ले." समजावून सांगायचा कंटाळा केला होता. आता पाणी काढायची गरज नाही, एवढं एक वाक्य मी त्याला बोललो नव्हतो. कळलं नसतं त्याला कदाचित. पण मी बोललो नव्हतो.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी गोबांच्या स्वयंपाकघरात पाच घरांची माणसं बसली. अबा पाल्दनही आले होते, घरातल्या मोठ्या माणसाला बसवावंच लागतं. त्यांना चुलीजवळची मानाची जागा दिली होती. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण एवढी माणसं बघून ते खूश होते.

"उस्ताद, बोला," गोबा म्हणाले.

मी रात्रभर शब्द जुळवले होते. एकही आठवेना. मी म्हणालो, "गाडीत पाणी नव्हतं. निघतानाच नव्हतं. पाणी नसलं की दिवा लागत नाही आणि काटा वर जात नाही. आमा-ले, हीटर गार होता ना? तो म्हणूनच. मुटुप पहिल्या दिवसापासून खरं बोलतोय."

"मग पाणी कुणी काढलं?" ग्याल्त्सनने विचारलं.

मी मुटुपकडे बघितलं. त्याने उभं राहून हात जोडले. "उस्ताद मला वाचवतायत. दिवा लागला होता. मी बघितला. वाटलं, निघेल खिंड. मी थांबलो नाही."

आमा दिस्कितने तोंडावर पदर घेतल्यासारखा हात धरला. ग्याल्त्सन पांढरा पडला. "काल तू तीन रत्नांची शपथ घेतली होतीस," तो म्हणाला.

"खोटी घेतली."

कुणीतरी म्हणालं, "काढा मग घर." कुणीतरी त्याला दुजोरा दिला. लोब्झांग दारातून ओरडला, "खोटं बोलतोय तो!" पण त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द दिला नव्हता मी, पण मुटुपचे डोळे माझ्यावर रोखलेले होते.

तेवढ्यात चुलीजवळून आवाज आला. "मुटुप, उभा का रे? बाहेर केवढी थंडी पडलीय. गाडीतलं पाणी मी काढलंय हो. काळजी करू नकोस."

म्हाताऱ्याने चहाचा घोट घेतला आणि मुलाकडे बघून विचारलं, "लोकर दिसली ना तुला सकाळी?"

ग्याल्त्सन हळूच उठला आणि म्हाताऱ्यासमोर गुडघ्यावर बसला. वर्गातल्या लहान पोराशी बोलावं तशा आवाजात त्याने विचारलं, "कुठली लोकर, मेमे-ले?"

"तू मास्तर, तुला नाही माहीत?" म्हातारा हसला. त्याला शिकवायला मिळालं याचा आनंद झाला होता. "पाणी काढलं की गाडीच्या तोंडाला पांढरी लोकर बांधायची. म्हणजे दुसरा कुणी आला तरी त्याला कळतं, गाडी रिकामी आहे, आधी पाणी भर. मी डबा गोठ्यात ठेवतो आणि लोकर बांधतो. चाळीस वर्षांत एकदाही विसरलो नाही. हा स्तोब्दान विसरला होता एकदा. विचार त्याला, कशी दिली होती मी."

मी म्हणालो, "हो, अबा-ले."

आमा दिस्कित रडायला लागली, आवाज न करता. ग्याल्त्सन तसाच गुडघ्यावर बसून राहिला. त्याच्या बायकोला ज्या हातांनी मारलं ते हात त्याच्यासमोर होते, सुरकुतलेले, चहाचा पेला धरलेले. तो आता खरं काय ते बोलेल असं मला वाटलं. बोलला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. म्हातारा त्याच्याकडे आशेने बघत होता, आणखी काही विचारील म्हणून.

"चांगलं केलंत, मेमे-ले," ग्याल्त्सन म्हणाला. त्याने म्हाताऱ्याच्या पेल्यात चहा ओतला. थोडा चहा चटईवर सांडला.

मग तो उठला. मुटुपजवळून जाताना थांबला. त्याच्याकडे बघितलं नाही. दाराकडे बघत म्हणाला, "पहाटे चारला ये. पुढचा दांडा तुझ्या घराचा आहे."

७

यांगडोलला नेलं त्या पहाटे मी गर्दीच्या मागे होतो. मुटुप पुढच्या दांड्याला होता. वाटेत त्याने एकदाही खांदा बदलला नाही.

पुढच्या महिन्यात नव्या वर्षाच्या भेटीला मी युर्गोला गेलो. मुटुप आता लोब्झांगच्या गाडीवर आळीपाळीने जातो. त्याची स्वतःची गाडी अंगणात तशीच उभी आहे, जळक्या इंजिनासकट. मी तिचे सुटे भाग विकायला गिऱ्हाईक आणलं होतं, पण तो नको म्हणाला. का, ते संध्याकाळी कळलं.

सूर्य डोंगरामागे गेला तसा मुटुप विहिरीवरून एक कॅन साधं पाणी घेऊन आला, झाकण उघडून त्याने ते रेडिएटरात ओतलं, झाकण लावलं आणि घरात गेला. थोड्या वेळाने अबा पाल्दन जुना गोंचा घालून बाहेर आले. हातात चेपलेला डबा. गुडघे टेकून वाकले, तोटी उघडली, पाणी डब्यात घेतलं, तोटी आवळली. सगळं सावकाश, एक थेंब न सांडता. मग खिशातून लोकरीचा झुबका काढून जाळीच्या मधोमध बांधला. दुहेरी गाठ.

उठताना त्यांना मी दिसलो. "स्तोब्दान, पाणी काढलंस का?"

"काढलं, अबा-ले."

"आणि लोकर?"

माझ्या गाडीत कूलंट आहे. उणे पस्तीसलाही गोठत नाही. मी त्यांच्यापुढे हात केला. त्यांनी खिशात चाचपून उरलेली लोकर माझ्या तळव्यावर ठेवली, आणि मी ती माझ्या गाडीच्या जाळीला बांधून होईपर्यंत गाठीकडे बघत उभे राहिले.